मराठवाड्याच्या रानातली अळंबी: टोपलीपासून हर्बेरियमच्या पाकिटापर्यंत

मराठवाड्यात अळंबीचे नमुने गोळा करायचे म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, इथं प्यायला पाणी नाही, अळंबी कुठून उगवायची? पण मृगाचा एक दमदार पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला की बांधावर, वारुळाच्या अंगाला, कुजक्या मोहाच्या खोडावर आणि उकिरड्याच्या कडेला छत्र्या दिसायला लागतात. आपण त्यांना सरसकट ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतो आणि लाथेनं उडवतो. इथला हंगाम तोकडा आहे आणि बघणारी माणसं कमी आहेत. म्हणून कन्नडच्या किंवा किनवटच्या एखाद्या विद्यार्थ्यानं, शिक्षकानं, शेतकऱ्यानं नीट केलेली एक नोंदसुद्धा अभ्यासकांच्या कामाची ठरते.

मात्र ती नीट केलेली हवी. अळंबीचा रंग, वास, कापल्यावर होणारा बदल, दांड्यावरचं कडं, बुंध्याची वाटी या ओळख पटवणाऱ्या खुणांपैकी बऱ्याचशा वाळवल्यावर निघून जातात. हातात उरतो तो तपकिरी, सुरकुतलेला तुकडा. त्याच्यासोबत ताजेपणी लिहिलेली नोंद नसेल तर पुढं कितीही चांगला सूक्ष्मदर्शक मिळाला तरी अर्धीच माहिती हाती लागते. या लेखात तोडण्यापेक्षा लिहिण्यावर जास्त भर आहे, तो त्यासाठीच.

आधी परवानगी

गौताळा औट्रमघाट, येडशी रामलिंग घाट, नायगाव मयूर, पैनगंगा ही अभयारण्यं आहेत. तिथून पानसुद्धा उचलायचं तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. संशोधनासाठी नमुने हवे असतील तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची, म्हणजे नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) कार्यालयाची लेखी परवानगी लागते. अर्ज आपल्या महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या पत्रासह करा. कुठलं क्षेत्र, कोणते महिने, किती नमुने आणि ते शेवटी कुठं ठेवणार, हे त्यात स्पष्ट लिहा. राखीव वनासाठी भारतीय वन अधिनियम, १९२७ आहे. तिथं उपवनसंरक्षक कार्यालयात जा. अर्ज उन्हाळ्यातच टाका. जूनमध्ये टाकलेल्या अर्जाचं उत्तर येईपर्यंत हंगाम सरायचा.

परवानगी हातात येईपर्यंत अभयारण्यात फक्त फोटो आणि वही. तोडणं नाही.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं पहिला पावसाळा स्वतःच्या वावरात, महाविद्यालयाच्या आवारात, ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर काढावा असं मला ठामपणे वाटतं. तिथं मालकाचा होकार पुरतो, रोज सकाळी जाता येतं आणि एकाच छत्रीचं कळीपासून कुजण्यापर्यंतचं रूप बघता येतं. गायरानात जायचं तर ग्रामपंचायतीला सांगून जा.

केव्हा आणि कुठं बघायचं

मऊ, मांसल अळंब्या चांगला पाऊस होऊन गेल्यावर साधारण तीन ते पाच दिवसांत दिसतात. झड लागून मध्येच उघडीप पडली की तो दिवस सोडू नका. आर्द्रा-पुनर्वसूत वारुळाच्या अळंब्यांची धांदल असते. मघा-पूर्वाच्या सुमारास पालापाचोळ्यातल्या बारीक छत्र्या वाढतात. सप्टेंबरअखेरचा परतीचा पाऊस साधला तर आणखी एक फेरी मिळते. लाकडावरच्या कडक बुरशीला मात्र घाई नसते. ती दिवाळीनंतरही जागेवर सापडते.

आपलं जंगल कोरडं पानझडी: साग, धावडा, सालई, पळस, खैर, टेंभुर्णी, मोहा. झाडांच्या मुळांशी भागीदारी करून जमिनीतून उगवणाऱ्या अळंब्यांची जी गर्दी साल वृक्षाच्या जंगलात असते, ती इथं मिळणार नाही. आपलं धन आहे ते वाळवीसोबत राहणाऱ्या, लाकूड कुजवणाऱ्या, शेणावर आणि काडीकचऱ्यावर वाढणाऱ्या बुरशीत. पडलेल्या खोडाची खालची बाजू बघा, बांबूच्या बेटात वाकून बघा, सोयाबीनच्या भुसकटाचा जुना ढीग उसका, उसाचं पाचट उचला. निलगिरीची लागवड असेल तर तिच्या बुंध्याभोवती फिरा. या झाडाशी मुळांची भागीदारी करणारे पिसोलिथस आणि स्क्लेरोडर्मा हे गोळ्यासारखे प्रकार तिथं सापडू शकतात.

कोरड्या मुलखातली खास बुरशी म्हणजे पोडॅक्सिस. माळरानावर, वारुळाच्या आसपास उभी राहते, टोपी पूर्ण कधी उघडत नाही आणि आतली काळपट भुकटी वाऱ्यावर जाते. ज्यांना वाटतं की पाऊस कमी म्हणजे बुरशी नाही, त्यांना हीच दाखवावी.

पिशवीत काय हवं

प्लॅस्टिकची कॅरीबॅग घरी ठेवा. तिच्यात अळंबी तासाभरात घामेजते आणि लगदा होतो. बांबूची पसरट दुरडी किंवा टोपली घ्या, आत जुन्या वर्तमानपत्राचे कागद. बारीक छत्र्यांसाठी खणाखणांचा डबा, ज्यात सुतार खिळे-स्क्रू ठेवतो तसला. मोठ्यांसाठी खाकी कागदी पाकिटं किंवा ॲल्युमिनियम फॉइल. चाकू, खुरपं, लाकडासाठी छोटी छिन्नी, दहा पट भिंग, पंधरा सें.मी.ची पट्टी, वही, शिसपेन्सिल. शाईपेन आणि जेलपेन पावसात पसरतात. पेन्सिलीचं अक्षर ओलं झालं तरी टिकतं.

पायात गमबूट हवेतच. फुरसं आणि घोणस दोन्ही आपल्या भागात आहेत आणि पावसाळ्यात पाचोळ्यात दिसत नाहीत. खोड उलटताना ते स्वतःकडे ओढा, म्हणजे तुमच्यात आणि खालून निघणाऱ्या जिवात लाकूड राहील. हात घालण्याआधी काठीनं पाचोळा चाळवा. चावा झालाच तर चिरणं, आवळून बांधणं, चोखणं काहीही न करता १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठा. दुसरी भीती विजेची. मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसं आणि जनावरं दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवा आणि गडगडाट ऐकू आला की माळ आणि एकटं झाड दोन्ही सोडा. एकट्यानं जाऊ नका.

तोडण्याआधी फोटो

छत्री दिसली की हात लगेच पुढं जातो. तो थांबवा. आधी आजूबाजूचा एक फोटो घ्या, ज्यात जागा कळेल. मग जमिनीच्या पातळीवर फोन टेकवून बाजूनं एक, वरून एक. फ्लॅश नको, थेट ऊनही नको. सोबत्यानं पावसाची छत्री धरून सावली केली की रंग खरा येतो. फोनमधली रंग खुलवणारी सोय बंद ठेवा. उपटल्यावर एक आडवी, एक उलटी, एक उभी कापलेली अशी तीन छत्रं पट्टीसोबत मांडून आणखी फोटो घ्या. कल्ल्यांचा, म्हणजे टोपीखालच्या पात्यांसारख्या पडद्यांचा, फोटो राहिला तर बाकीचे दहा असूनही काम अडतं. चौकटीत नमुन्याच्या क्रमांकाची चिठ्ठी दिसलीच पाहिजे.

क्रमांकाचा नियम एकच: आयुष्यभर एकच मालिका. आद्याक्षरं आणि पुढं १, २, ३. वर्ष बदललं, गाव बदललं तरी पुन्हा १ पासून सुरू करायचं नाही आणि फेकून दिलेल्या नमुन्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही.

उपटायची कशी

दांडा मध्येच तोडलेली अळंबी ओळखायला फार अवघड जाते. अमानिटा या वंशातल्या प्राणघातक जातींची मुख्य खूण म्हणजे बुंध्याशी असलेली वाटी, आणि ती मातीत दडलेली असते. म्हणून चाकू किंवा खुरपं बाजूनं तिरकं घालून मातीसकट उचला, मग माती बोटानं हळू सोडवा.

वारुळाच्या अळंबीत, म्हणजे टर्मिटोमायसिसमध्ये, ही खणणी सगळ्यात महत्त्वाची. वर दिसणाऱ्या दांड्याखाली मुळासारखा निमुळता भाग खाली खाली जातो तो थेट वाळवीच्या बुरशीबागेपर्यंत. वाळवी पालापाचोळा चावून जी भुरकट, जाळीदार पोळी रचते, तिच्यावर ही बुरशी वाढते. खणताना दांड्यापासून वीतभर लांब खड्डा घ्या आणि माती आडवी कापत दांड्याकडे या. सरळ खाली खुरपं मारलं तर मूळ तुटतंच. रंग कुठं पांढऱ्याचा काळपट होतो, साल निघते का, किती खोल गेलं, हे सगळं मोजा. पोळीपर्यंत पोचलात तर फोटो घ्या आणि माती परत लोटा. वारूळ फोडू नका. तेच शाबूत राहिलं तर पुढच्या वर्षी त्याच जागी अळंबी येते.

एका जातीची कळी, अर्धवट उमललेली आणि पूर्ण उमललेली अशी तिन्ही वयं घ्या. शेजारी-शेजारी उगवलेल्या दोन वेगळ्या छत्र्या एका पाकिटात कधीच घालू नका. एका जागेचा, एका दिवसाचा, एका जातीचा गठ्ठा म्हणजे एक क्रमांक. चार-सहा छत्रं पुरतात, बाकीची तिथंच राहू द्या. लाकडावरची असेल तर सालीचा आणि लाकडाचा तुकडा सोबत घ्या. झाड कोणतं ते लिहा. ओळखू येत नसेल तर पान, साल आणि फळ यांचा फोटो. नुसतं ‘लाकडावर’ असं लिहिलेली नोंद दुबळी असते.

वहीतली नोंद

ही रानातच, नमुना समोर असताना लिहायची. संध्याकाळपर्यंत रंग बदललेला असतो. समजा बांधावर वारुळाची अळंबी मिळाली, तर नोंद साधारण अशी असावी:

क्रमांक ४७. १९ जुलै, सकाळी ८. किनवट तालुका, नाल्याकाठचा बांध, शेतमालकाच्या परवानगीनं. जीपीएस फोटोत आणि खाली. काळी माती, खाली मुरूम. वारूळ वर दिसत नाही, खणल्यावर वाळवीची पोखरण. जवळ मोहा, पळस. दोन हाताच्या जागेत पंधरा-वीस छत्रं, सुटी सुटी. टोपी ४ ते ९ सें.मी., करडी-तपकिरी, मधोमध टोकदार उंचवटा, तिथं गडद, कड चिरलेली. कल्ले दाट, पांढरे, जुन्या छत्रात गुलाबी झाक, दांड्याला चिकटलेले नाहीत. दांडा पांढरा, भरीव, तंतुमय, कडं नाही. मुळासारखा भाग २२ सें.मी. खोल, टोकाकडे काळपट. कापल्यावर रंग तोच. वास ताज्या पिठाचा. गावात ‘अळंबी’ म्हणतात, खातात, गुराख्यानं सांगितलं.

यात ‘छान’, ‘मोठी’, ‘पांढरट’ असले ढोबळ शब्द नाहीत, आकडे आहेत. कल्ले दांड्याला कसे भिडतात हे नेहमी लिहा: सुटे, टेकलेले की दांड्यावर खाली उतरलेले. कल्ल्यांऐवजी छिद्रं असतील तर एका मिलिमीटरमध्ये किती बसतात ते भिंगानं मोजा. कापल्यावर घड्याळ लावा. काही जातींत रंग काही सेकंदांत बदलतो, काहींत दहा मिनिटांनी. चीक निघाला तर त्याचा रंग लिहा. जीपीएसचे आकडे दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत घ्या आणि तालुका, गाव, शिवार शब्दांतही लिहा, कारण आकडा उतरवताना एक चूक झाली की नमुना भलत्याच जिल्ह्यात जातो.

स्थानिक नाव जसं बोललं तसं लिहा. किनवट-माहूरकडच्या आंध, कोलाम, गोंड आणि बंजारा माणसांना कोणती अळंबी कधी, कुठं येते हे आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त ठाऊक असतं. कोणी सांगितलं, कोणत्या बोलीत, त्यांचं नाव छापायला त्यांची हरकत आहे का, हे विचारून वेगळ्या पानावर ठेवा. आणि त्यांची नेहमीची अळंबीची जागा नकाशावर जगजाहीर करू नका.

चाखू नका

विषारी अळंबीला हात लावल्यानं विषबाधा होत नाही, खाल्ल्यानं होते. नमुना तोंडात घालून चव बघण्याची पद्धत काही परदेशी पुस्तकांत दिसते. आपण ती सोडून द्यायची. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण रंग बदलतो, किडे खातात ती चांगली, या सगळ्या समजुती खोट्या आहेत. घातक अमानिटातलं विष शिजवून जात नाही आणि उलट्या-जुलाब बहुधा सहा ते बारा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतात, तोवर यकृताचं नुकसान सुरू झालेलं असतं. पावसाळ्यात हिरवळीवर, गायरानात उगवणारी पांढरी, तपकिरी खवल्यांची मोठी छत्री, क्लोरोफायलम मोलिब्डाइट्स, दिसायला खाण्यायोग्य वाटते आणि पोट ढवळून काढते. तिची खात्रीची खूण पुढच्या पायरीत सापडते.

बीजाणूंचा ठसा

घरी पोचल्यावर पहिलं काम हे: बीजाणूंचा, म्हणजे टोपीतून गळणाऱ्या, बियांसारखं काम करणाऱ्या सूक्ष्म कणांचा, ठसा घेणं. शेणावरच्या, काळी शाई होऊन विरघळणाऱ्या छत्र्या सगळ्यात आधी घ्या; त्या रात्रभर थांबत नाहीत. पूर्ण उमललेल्या एका छत्राचा दांडा टोपीलगत कापा, कल्ले खाली करून टोपी कागदावर ठेवा, वर एक थेंब पाणी, त्यावर वाटी पालथी. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा हवा, नाहीतर पांढरा ठसा पांढऱ्यावर दिसत नाही. सोबत काचेची एक स्लाइडही ठेवली तर पुढं सूक्ष्मदर्शकासाठी सोय होते. चार ते बारा तासांत ठसा उतरतो.

रंग दिवसाच्या उजेडात बघा. मोलिब्डाइट्सचा ठसा मळकट हिरवा येतो, आणि शेतातल्या खऱ्या अगॅरिकसचा चॉकलेटी. टर्मिटोमायसिसचा गुलाबीसर, धिंगरीचा पांढरा ते फिकट जांभळट. खोडावरच्या कडक गॅनोडर्माची तपकिरी भुकटी तर टोपीच्या पाठीवरच साचलेली सापडते. ठसा वाळवून, घडी करून, क्रमांक घालून त्याच पाकिटात. त्याला सेलोटेप लावू नका.

ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी याच वेळी कल्ल्याजवळचा आतला, माती न लागलेला तांदळाएवढा तुकडा निर्जंतुक चिमट्यानं घेऊन सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांत, टाकावा. जनुकीय ओळखीसाठी बुरशीत आयटीएस हा डीएनएचा भाग वाचतात. २०१२ पासून तो बुरशीचा प्रमाण बारकोड मानला जातो. आज प्रयोगशाळा नसली तरी पाच वर्षांनी असेल, तुकडा तोवर टिकतो.

वाळवणं

इथंच बहुतेक नमुने हातचे जातात. पावसाळ्यात उन्हाच्या भरवशावर राहिलात तर दोन दिवसांत आतल्या अळ्या सगळं खाऊन टाकतात. फळं-भाज्या सुकवण्याचं छोटं विजेवरचं यंत्र, म्हणजे डिहायड्रेटर, सगळ्यात चांगलं. तापमान ४० ते ४५ अंश सेल्सियस. त्याहून जास्त तापवलं तर नमुना शिजतो, पेशी आणि डीएनए दोन्ही खराब होतात. म्हणून ओव्हन आणि मायक्रोवेव्ह नकोतच. यंत्र नसेल तर लाकडी खोक्यात खाली ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब, वर तारेची जाळी, झाकणाला हवा जायला भोकं. थर्मामीटर आत हवाच, आणि लाकूड बल्बला लागणार नाही एवढं अंतर. वीज गेली तर नमुने जाळीसकट उचलून हवाबंद डब्यात सिलिका जेलवर ठेवा, वीज आली की परत.

जाड छत्र्या उभ्या चिरा, पातळ अखंड ठेवा. प्रत्येकाच्या शेजारी क्रमांकाची चिठ्ठी; चिठ्ठी नमुन्यासोबतच वाळते. लहान छत्र्यांना रात्र पुरते, जाड दांड्याला दीड-दोन दिवस, कडक लाकडी बुरशीला त्याहून जास्त. पापडासारखा कट्कन मोडला पाहिजे. वाकला तर ओल आहे. यंत्रातून काढल्यावर लगेच झिपच्या पिशवीत घाला, कारण आपल्या जुलैच्या हवेत उघडा ठेवलेला नमुना तासाभरात परत मऊ पडतो.

लाकडी बुरशीत भुंगेरे आणि त्यांची अंडी असतात. बंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये, उणे १८ ते २० अंशांत, आठवडा-दहा दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर थंड नमुन्यावर पाणी धरतं.

शिझोफायलम कम्यून ही वाळक्या फांदीवरची राखाडी, केसाळ, पंख्याच्या आकाराची बुरशी सरावासाठी उत्तम. ती सगळीकडे मिळते, जवळजवळ वाळलेलीच असते. तिचे कल्ले लांबीनं दुभंगलेले असतात, कोरड्यात आत वळतात आणि पाणी लागलं की पुन्हा उलगडतात. भिंगाखाली हे बघण्यासारखं आहे.

सूक्ष्मदर्शक

महाविद्यालयात सोय असेल तर वाळलेल्या कल्ल्याचा अगदी बारीक तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या ३ ते ५ टक्के द्रावणात फुगवा आणि तेलाच्या भिंगाखाली, हजार पटीनं बघा. निदान वीस बीजाणूंची लांबी-रुंदी मोजा, शक्यतो ठशातल्या, कारण ते पूर्ण पिकलेले असतात. भिंगातली मोजपट्टी आधी प्रमाण स्लाइडवर जुळवून घ्या. न जुळवलेल्या पट्टीची मापं दुसऱ्याच्या मापांशी ताडता येत नाहीत. आकार, भिंतीची जाडी, खरबरीतपणा, आयोडीनच्या द्रावणात रंग बदलतो का, हे लिहा. नाव नक्की करता आलं नाही तर वंशापर्यंत, म्हणजे शास्त्रीय नावाच्या पहिल्या शब्दापर्यंत, थांबा. ‘टर्मिटोमायसिस, जात अनिश्चित’ ही प्रामाणिक नोंद चुकीच्या पूर्ण नावापेक्षा कितीतरी बरी.

पाकीट, चिठ्ठी आणि कायमचं घर

आम्लविरहित जाड कागदाचं घडीचं पाकीट करा. बाहेर चिठ्ठी: क्रमांक, तारीख, जिल्हा-तालुका-गाव, जीपीएस, उंची, कशावर उगवली, कोणी गोळा केली, कोणी ओळखली आणि कधी. ओळख बदलली तर जुनी चिठ्ठी फाडू नका, नवी तिच्या शेजारी लावा. हीच माहिती संगणकाच्या तक्त्यात भरा, फोटोंच्या फायलींना तोच क्रमांक द्या आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकलात तर तिथंही तोच क्रमांक लिहा. नुसता फोटो राहिला तर नमुना आणि नोंद यांची ताटातूट होते.

घरातला खोका हे नमुन्याचं कायमचं घर नाही. जवळचं विद्यापीठ बघा: छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा, परभणीचं वसंतराव नाईक कृषी विद्यापीठ. तिथल्या वनस्पतिशास्त्र किंवा वनस्पती रोगशास्त्र विभागात आधी भेटा. राज्यात बुरशीसाठीचं मोठं ठिकाण म्हणजे पुण्याची आघारकर संशोधन संस्था. तिथं कवकशास्त्रज्ञ अजरेकर यांच्या नावाचं कवक हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या बुरशीच्या नमुन्यांचा संग्रह, आहे आणि जिवंत बुरशीचा राष्ट्रीय संग्रहही. न विचारता पार्सल पाठवू नका. यादी आणि फोटो आधी ईमेलनं पाठवा, कोणते नमुने हवेत ते विचारा, परवानगीपत्राची प्रत जोडा. परदेशी तज्ज्ञानं नमुना मागितला तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे चौकशी केल्याशिवाय टपालात टाकू नका. जैविक विविधता अधिनियम, २००२ इथं लागू होतो.

नमुन्याचे शक्यतो दोन भाग करा, एक संस्थेला, एक तुमच्याकडे. संस्थेकडून येणारा नोंदणी क्रमांक वहीत मूळ नोंदीसमोर लिहा; लेख छापताना हाच क्रमांक द्यावा लागतो. घरच्या भागातली सिलिका दर मे महिन्यात तपासा. रंग बदललेला असेल तर ती सुमारे १०० ते १२० अंशांवर तापवून परत वापरता येते. निळ्या दाण्यांपेक्षा नारिंगी दाणे घ्या. निळ्यात बहुधा कोबाल्टचं विषारी क्षार असतं.